ब्रेस्लो, अलेक्झांडर

ब्रेस्लो, अलेक्झांडर : (१९२८–१९८०). अमेरिकन विकृतिवैज्ञानिक. मेलॅनोमा या त्वचेच्या मारक कर्करोगात अर्बुदाची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजून रोग्याच्या भवितव्याचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यांनी प्रचारात आणली. वॉशिंग्टन डी. सी. येथील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात ते विकृतिविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांची कीर्ती मुख्यतः १९७० मध्ये ॲनल्स ऑफ सर्जरी या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या सात पृष्ठांच्या एका शोधनिबंधावर उभी आहे. या निबंधाचे ते एकटेच लेखक होते आणि त्यातील रोग्यांची संख्या फक्त ९८ होती. त्वचेच्या कर्करोगाविषयीच्या वाङ्‌मयात त्याचा उल्लेख काही हजार वेळा झालेला आहे. ‘ब्रेस्लो जाडी’ ही संज्ञा आज जगभरच्या विकृतिवैज्ञानिक अहवालांत रोज लिहिली जाते. थोडक्या लेखनाचा एवढा मोठा परिणाम का झाला आणि तो संदर्भोल्लेखांच्या संख्येवरून कितपत मोजता येतो, हे दोन्ही प्रश्न या संशोधकाच्या बाबतीत विशेष उद्‌बोधक ठरतात.

मेलॅनोमा हा त्वचेतील कृष्णरंजक तयार करणाऱ्या कोशिकांपासून उद्‌भवतो. त्वचेच्या इतर सामान्य कर्करोगांच्या मानाने तो विरळा असला, तरी त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी पुष्कळसे त्याच्यामुळे होतात. कारण त्याच्या कोशिका लसीका वाहिन्या व रक्त यांच्यावाटे लवकर दूर जाऊन रुजतात. या दूरच्या वाढीस प्रक्षेप म्हणतात. १९७० पूर्वीच्या शस्त्रक्रियातज्ञांपुढे मोठी अडचण अशी होती की, बाहेरून सारखे दिसणारे दोन काळे डाग सारख्याच रीतीने काढून टाकले, तरी एक रोगी वीस वर्षे सुखरूप राही, तर दुसरा दोन वर्षांत दगावे. कोणाच्या बाबतीत काय घडेल, हे आधी सांगण्याचे विश्वसनीय साधन नव्हते. म्हणून सर्वांवरच मोठी शस्त्रक्रिया करण्याचा प्रघात पडला. डागाभोवतीची पाच सेंमी.पर्यंतची निरोगी त्वचा काढणे, उघडी पडलेली जागा मांडीवरील त्वचेचे कलम लावून झाकणे आणि पुष्कळदा जांघेतील किंवा काखेतील लसीका ग्रंथी समूळ काढणे, असे तिचे स्वरूप असे. हा प्रघात विल्यम सॅम्पसन हँडली या इंग्रज शस्त्रक्रियातज्ञांनी १९०७ मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांपासून सुरू झाला, असे मानतात. त्या व्याख्यानांचा आधार रोग फार पुढे गेलेल्या एका रुग्ण स्त्रीची मरणोत्तर तपासणी हा होता. हँडली यांनी सुचविलेली त्वचेची कड पुढे रूढ झालेल्या कडेपेक्षा बरीच लहान होती, ही गोष्ट त्यांचा हवाला देणारे बहुतेक लेखक विसरले. ग्रंथी काढलेल्या पायाला कायमची सूज येते आणि कलम लावलेल्या जागी विद्रूप खळगा राहतो. ज्यांचा रोग मुळातच वरवरचा होता, अशा असंख्य लोकांनाही हे सोसावे लागले.

या प्रश्नाला पहिले पद्धतशीर उत्तर वॉलेस एच्. क्लार्क (१९२४–९७) यांनी दिले. १९६९ मध्ये कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात क्लार्क, लिन फ्रॉम, एव्हेलिना बर्नार्डिनो व मार्टिन मिम यांनी २०९ रोग्यांच्या अभ्यासावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यात मेलॅनोमाचे वाढीच्या पद्धतीनुसार प्रकार पाडले होते आणि अर्बुद त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरले आहे यावरून पाच पातळ्या ठरविल्या होत्या. पहिल्या पातळीत अर्बुद बाह्यत्वचेतच असते. दुसऱ्या व तिसऱ्या पातळ्या अंतस्त्वचेच्या वरच्या, अंकुरक असलेल्या थराशी संबंधित आहेत. चौथ्या पातळीत ते खालच्या जालकमय थरात शिरते आणि पाचवीत त्वचेखालील वसेपर्यंत पोहोचते. ही कल्पना जीववैज्ञानिक दृष्ट्या अर्थपूर्ण होती व तिचे स्वागतही झाले. परंतु दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या पातळ्यांमधील सीमा प्रत्यक्ष छेदात नेहमी स्पष्ट नसते. त्यामुळे एकच काचपट्टी दोन अनुभवी विकृतिवैज्ञानिकांकडे दिली, तरी एक तिला तिसरी पातळी म्हणे व दुसरा चौथी. शिवाय अंतस्त्वचेची जाडी पापणीवर वेगळी आणि पाठीवर वेगळी असते. म्हणून एकाच पातळीतील अर्बुदांचे आकारमान सारखे असतेच असे नाही.

ब्रेस्लो यांचा विचार याहून साधा होता. मेलॅनोमाच्या निरनिराळ्या लेखकांनी दिलेल्या फलांमध्ये एवढी तफावत असण्याचे कारण अर्बुदाच्या आकारमानाकडे, म्हणजे एकूण वस्तुमानाकडे झालेले दुर्लक्ष हे असावे, असे त्यांना वाटले. काळ्या डागाची लांबी-रुंदी डोळ्यांना दिसते. त्याची खोली दिसत नाही. म्हणून त्यांनी ९८ रोग्यांचे साठविलेले छेद पुन्हा तपासले. प्रत्येकाची कमाल जाडी, उभ्या छेदाचे क्षेत्रफळ आणि आक्रमणाची पातळी नोंदविली आणि पाच वर्षांनंतर रोग्याची स्थिती काय होती याच्याशी ही तीन मापे ताडून पाहिली. जाडी मोजण्यासाठी त्यांनी वापरलेले साधन कोणत्याही प्रयोगशाळेत मिळण्यासारखे होते. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेत आखीव रेषांची एक काचेची चकती बसविली की, दृष्टिक्षेत्रात मापपट्टी दिसू लागते. तिचे अंशांकन एकदा करून घेतले म्हणजे अर्बुदाचे कोणतेही अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता येते.

मोजणीचा नियम मात्र विचारपूर्वक ठरविलेला होता. माप बाह्यत्वचेच्या कणमय स्तराच्या वरच्या कडेपासून सुरू करावयाचे आणि अर्बुदाची जी कोशिका सर्वांत खोल आढळेल तिच्यापर्यंत, त्वचेच्या पृष्ठभागाशी काटकोन साधून न्यावयाचे. पृष्ठभागावर व्रण झालेला असेल, तर व्रणाच्या तळापासून मोजावयाचे. कणमय स्तर हाच आरंभबिंदू का घ्यावा, याचे उत्तर तळव्याचा छेद पाहिला की मिळते. कणमय स्तरावरचा शृंगी स्तर मृत असतो आणि त्याची जाडी शरीराच्या भागाभागानुसार फार बदलते. तळपायावर तो इतका जाड असतो की, तेथून माप घेतले तर अगदी कोवळे अर्बुदही खोल असल्याचा भास होईल. मृत स्तर वगळून जिवंत ऊतकाच्या वरच्या कडेपासून मोजल्यामुळे शरीराच्या निरनिराळ्या भागांवरील मापांची एकमेकांशी तुलना करता येऊ लागली.

या अभ्यासात ज्यांच्या अर्बुदाची जाडी ०·७६ मिमी.पेक्षा कमी होती, त्यांपैकी एकाही रोग्यात पाच वर्षांच्या काळात रोग उलटला नाही किंवा प्रक्षेप आढळला नाही. जाडी वाढत गेली तसतसा धोका वाढत गेला. अर्थात ९८ ही संख्या लहान होती, अभ्यास एकाच संस्थेतील जुन्या नोंदींवरून केलेला होता आणि ०·७६ हा आकडा या विशिष्ट रोग्यांच्या गटातून निघालेला होता. निसर्गात तेथे कोणतीही सीमारेषा नाही. ब्रेस्लो यांनी क्लार्क यांच्या पद्धतीला विरोधही केला नव्हता. जाडी व पातळी ही दोन्ही एकत्र विचारात घेतल्यास कोणत्या रोग्याच्या लसीका ग्रंथी प्रतिबंधक उपाय म्हणून काढाव्यात हे ठरविता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. ‘क्लार्क विरुद्ध ब्रेस्लो’ असा जो सामना पुढील वीस वर्षे वैद्यकीय परिषदांतून रंगला, तो मूळ निबंधात नाही.

त्यानंतरच्या दहा वर्षांत ब्रेस्लो यांनी याच विषयावर मोजके पण एकमेकांशी जोडलेले लेखन केले. १९७५ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी रोग्यांची संख्या १३८ पर्यंत वाढवून पहिला निष्कर्ष पुन्हा तपासला. पातळ अर्बुदांबाबतचे निरीक्षण टिकून राहिले. मात्र दीड मिमी.पेक्षा जाड अर्बुद असणाऱ्यांना ग्रंथी आधीच काढण्याचा फायदा होतो, हा त्यांतील दुसरा निष्कर्ष तेवढा टिकाऊ ठरला नाही. कारण कोणावर कोणती शस्त्रक्रिया करावयाची हे तेथे यदृच्छया ठरविलेले नव्हते. उंबेर्तो व्हेरोनेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादृच्छिक परीक्षेत हातापायांवरील मेलॅनोमाच्या रोग्यांत ग्रंथी ताबडतोब काढल्या काय किंवा वाढल्यानंतर काढल्या काय, आयुर्मानात फरक आढळला नाही. त्याच वर्षी ब्रेस्लो यांनी एस्. डी. मॅक्ट यांच्यासह पातळ मेलॅनोमाभोवती किती निरोगी त्वचा काढावी, या प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांच्या मालिकेतील पातळ अर्बुदांपैकी काहींभोवती अगदी अरुंद कड सोडलेली होती, तरीही रोग उलटला नव्हता. पाच सेंमी.च्या परंपरेला हा सरळ धक्का होता आणि ब्रेस्लो यांच्या लेखनापैकी रोग्यांच्या दृष्टीने कदाचित सर्वांत उपकारक भाग हाच आहे, जरी त्याचे संदर्भोल्लेख १९७० च्या निबंधाच्या मानाने फारच थोडे आहेत.

जाडीचे माप मान्य होण्यास मुख्य कारण तिची पुनरावृत्तिक्षमता हे होते. मोजणारा बदलला तरी आकडा फारसा बदलत नाही. आणि आकडा असल्यामुळे तो गणिती विश्लेषणात थेट वापरता येतो. चार्ल्स बाल्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अनेक घटकांचा एकाच वेळी विचार करणारी संख्याशास्त्रीय पद्धती वापरून दोन्ही मापनांची तुलना केली. तेव्हा जाडीची माहिती हाती असताना पातळीमुळे फलानुमानात फारशी भर पडत नाही, असे दिसले. कर्करोगाच्या अवस्था ठरविणाऱ्या अमेरिकन संयुक्त समितीने आरंभी दोन्ही मापे स्वीकारली व जाडीसाठी ०·७५, १·५ आणि ४ मिमी. या सीमा ठेवल्या. २००१ मध्ये १७,६०० रोग्यांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आधारे पुढील आवृत्तीत १, २ व ४ मिमी. अशा लक्षात ठेवण्यास सोप्या सीमा आल्या. क्लार्क यांची पातळी फक्त १ मिमी.पर्यंतच्या अर्बुदांपुरती उरली. २००९ च्या सातव्या आवृत्तीत तिची जागा कोशिकाविभाजनाच्या दराने घेतली आणि २०१८ पासून अंमलात आलेल्या आठव्या आवृत्तीत हा दरही अवस्था ठरविण्याच्या निकषांतून गेला. पातळ अर्बुदांत ०·८ मिमी. ही सीमा व व्रण असणे किंवा नसणे एवढेच निकष उरले. म्हणजे ब्रेस्लो यांनी ९८ रोग्यांवरून काढलेला ०·७६ हा आकडा मधल्या साऱ्या फेरफारांनंतर जवळजवळ मूळ ठिकाणी परतला. आठव्या आवृत्तीतील माहितीनुसार लसीका ग्रंथी निर्दोष असलेल्या रोग्यांपैकी ०·८ मिमी.पेक्षा पातळ व व्रणरहित अर्बुद असणारे सु. ९९ टक्के रोगी पाच वर्षांत या रोगाने दगावत नाहीत, ४ मिमी.पेक्षा जाड व व्रणयुक्त अर्बुदांत हे प्रमाण सु. ८२ टक्के आहे.

शस्त्रक्रियेवरील परिणाम याहून ठळक होते. व्हेरोनेसी यांच्या गटाने १९८८ मध्ये २ मिमी.पर्यंतच्या अर्बुदांच्या ६१२ रोग्यांवर १ सेंमी. व ३ सेंमी. या दोन कडांची तुलना प्रसिद्ध केली. आयुर्मानात फरक आढळला नाही. लहान कड पुरेशी असल्यास जखम टाके घालून बंद करता येते आणि कलम लावावे लागत नाही. १९९२ मध्ये डोनल्ड मॉर्टन (१९३४–२०१४) व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बुदापासून निघणारी लसीका प्रथम ज्या ग्रंथीत पोहोचते, तेवढीच ग्रंथी रंगद्रव्याच्या साहाय्याने शोधून काढून तपासण्याची पद्धती वर्णिली. ही तपासणी कोणावर करावयाची हे ठरविताना पहिला प्रश्न जाडीचाच विचारला जातो. यांपैकी कोणतीही परीक्षा ब्रेस्लो यांनी केली नाही. परंतु रोग्यांचे तुलनायोग्य गट पाडण्याचे साधन हाती नसते, तर त्यांची आखणी करणेच कठीण गेले असते.

संदर्भोल्लेख आणि त्यांचे मोल : एका शास्त्रीय निबंधाचा उल्लेख नंतरच्या किती निबंधांत झाला, याची पद्धतशीर सूची तयार करण्याची कल्पना युजीन गारफील्ड (१९२५–२०१७) यांनी १९५५ मध्ये सायन्स या साप्ताहिकात मांडली. त्यांनी फिलाडेल्फियात स्थापन केलेल्या संस्थेतर्फे सायन्स सायटेशन इंडेक्स ही सूची १९६४ पासून नियमित प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे ब्रेस्लो यांचा निबंध या मोजदादीच्या अगदी पहिल्या काळातला आहे. त्या छापील सूचीत उल्लेखित निबंध फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली सापडत असे. ब्रेस्लो एकटेच लेखक असल्याने त्यांचे श्रेय पूर्णपणे त्यांच्याच नावावर जमा झाले. क्लार्क यांच्या तीन सहकाऱ्यांना ते मिळाले नाही.

सर्वाधिक उल्लेखिलेल्या निबंधांत पद्धती सांगणारे निबंध नेहमीच पुढे असतात. प्रथिनांचे प्रमाण मोजण्यासंबंधीच्या ऑलिव्हर लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाचे उल्लेख २०१४ पर्यंत तीन लाखांवर गेले होते. नवा सिद्धांत पटावा लागतो, माप मात्र वापरावे लागते. आणि वापरणारा प्रत्येक जण उगमाचा निर्देश करतो. ब्रेस्लो यांचा निबंध याच जातीचा आहे. उलट, एखादी पद्धती फारच रूढ झाली म्हणजे तिच्या उगमाचा निर्देश करण्याची गरज कोणाला वाटेनाशी होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेकडे लक्ष वेधले आहे. ज्ञानात पूर्ण मिसळून गेलेल्या कार्याचे मूळ पुसले जाते, असे तिचे स्वरूप आहे. आज मेलॅनोमावरील असंख्य निबंधांत ‘ब्रेस्लो’ हे नाव तक्त्याच्या स्तंभशीर्षात असते, पण शेवटच्या संदर्भयादीत नसते. सूचीत दिसणारी संख्या म्हणूनच प्रत्यक्ष वापरापेक्षा पुष्कळच लहान आहे.

नामसादृश्याचा घोटाळाही येथे चांगलाच जाणवतो. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील नॉर्मन ब्रेस्लो (१९४१–२०१५) हे जीवसंख्याशास्त्रज्ञ कर्करोगाच्या संशोधनातील संख्याशास्त्रीय पद्धतींसाठी प्रसिद्ध आहेत, तर त्यांचे वडील लेस्टर ब्रेस्लो (१९१५–२०१२) हे सार्वजनिक आरोग्याचे नामांकित अभ्यासक होते. आयुर्मानाच्या विश्लेषणात नॉर्मन ब्रेस्लो यांनी १९७४ मध्ये मांडलेली गणितरीत वापरली जाते. त्यामुळे मेलॅनोमाच्या एकाच निबंधात ‘ब्रेस्लो जाडी’ आणि ‘ब्रेस्लो पद्धत’ असे दोन निरनिराळ्या व्यक्तींचे निर्देश येऊ शकतात. एक जण जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातले आणि दुसरे वॉशिंग्टन विद्यापीठातले, ही भर निराळीच. केवळ आडनावावरून यांत्रिक मोजदाद करणाऱ्याने सावध राहणे बरे.

संशोधकाच्या एकूण कार्याचे मूल्य एका अंकात सांगण्यासाठी होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचविलेला निर्देशांक बराच वापरात आहे. ज्याचे क निबंध प्रत्येकी निदान क वेळा उल्लेखिले गेले, त्याचा निर्देशांक क, अशी त्याची व्याख्या आहे. या मापाने एकच अतिशय प्रभावी निबंध लिहिणारा आणि एकच सामान्य निबंध लिहिणारा यांत फरक उरत नाही. दोघांचाही निर्देशांक १ होतो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी निवर्तलेल्या आणि मोजके लिहिणाऱ्या ब्रेस्लो यांच्यासारख्यांना हे माप न्याय देत नाही. नेमणुका व अनुदाने देताना त्यावरच विसंबणे धोक्याचे आहे. दुसऱ्या बाजूस, केवळ संख्येकडे पाहिल्यास मेलॅनोमाच्या वाङ्‌मयात ब्रेस्लो आता अग्रस्थानी नाहीत. बीआरएएफ जनुकातील बदलांविषयीचा २००२ चा आणि इपिलिमुमॅब या प्रतिरक्षा-उत्तेजक औषधाविषयीचा २०१० चा निबंध यांचे उल्लेख त्यांच्या निबंधाहून अधिक आहेत. परंतु या दोन काळांत प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांची एकूण संख्याच कितीतरी पटींनी वाढलेली आहे. तेव्हा ही तुलना समान पातळीवरची नव्हे.

वारंवार उल्लेख झाल्यामुळे मूळ विधानाला कधीकधी मूळ लेखकाने न दिलेली निश्चिती येते. ०·७६ मिमी.खालचा मेलॅनोमा निर्धोकच असतो, हे विधान पाठ्यपुस्तकांतून बराच काळ फिरत राहिले. प्रत्यक्षात थोड्या पातळ अर्बुदांचेही प्रक्षेप होतात, विशेषतः अर्बुदाचा काही भाग शरीराच्या प्रतिकाराने आधीच नाहीसा झालेला असेल तेव्हा. पातळ अर्बुदे संख्येने फार असल्यामुळे हा थोडा धोकाही एकंदरीत मोठा ठरतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड या राज्यात मेलॅनोमाचे प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्या प्रदेशांपैकी आहे. तेथे १ मिमी.पर्यंतच्या अर्बुदांमुळे होणारे मृत्यू ४ मिमी.हून जाड अर्बुदांमुळे होणाऱ्या मृत्यूंपेक्षा संख्येने अधिक असल्याचे २०१५ मध्ये दाखविण्यात आले. मोजणीतही चुका होतात. छेद तिरपा गेला, तर जाडी खोटी वाढते. संशयित डागाचा केवळ वरचा पापुद्रा खरवडून जीवोतक परीक्षेला पाठविला, तर अर्बुदाचा तळ रोग्याच्या अंगावरच राहतो आणि खरी जाडी कायमची हातची जाते. म्हणून मेलॅनोमाचा संशय असलेला डाग शक्यतो संपूर्ण जाडीसह, अरुंद कड ठेवून काढावा, असा दंडक आहे.

भारतातील परिस्थिती : भारतात मेलॅनोमाचे वार्षिक प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे एकाहून कमी आहे. मुंबई येथे १९६३ मध्ये कर्करोगाची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सुरू झाली. तेथील नोंदींवरूनही हा रोग येथे विरळा असल्याचेच दिसते. भारतातील त्वचेच्या कर्करोगावरचे जुने महत्त्वाचे लेखन दुसऱ्याच प्रकारांविषयी आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये आर्काइव्ह्‌ज ऑफ पॅथॉलॉजी या नियतकालिकात चालीरीतींशी निगडित असलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात कमरेवर धोतराची घट्ट गाठ वर्षानुवर्षे घासल्याने त्या जागी होणाऱ्या ‘धोतर-कर्करोगा’चे वर्णन आहे. साडी किंवा परकराच्या नाडीने होणाऱ्या अशाच विकाराला पुढे ‘साडी-कर्करोग’ हे नाव पडले. गारफील्ड यांच्या सूचीपूर्वीचा आणि मर्यादित प्रदेशातील रोगाविषयीचा असल्याने या निबंधाच्या उल्लेखांची संख्या मोठी नाही. तथापि त्याने दिलेली संज्ञा आजही वैद्यकीय वाङ्‌मयात आढळते.

येथील मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. हे भाग सूर्यप्रकाशापासून बहुधा झाकलेले असल्याने या प्रकाराची कारणे गौरवर्णीयांतील मेलॅनोमाहून वेगळी मानतात. तळपायावरचा काळा डाग रोगी स्वतः सहसा पाहत नाही. दिसला तरी तो भोवरी, काटा मोडल्याची खूण किंवा ठेच लागल्याने साकळलेले रक्त समजून सोडून दिला जातो. त्यामुळे निदान होते तेव्हा अर्बुद पुष्कळदा कित्येक मिलिमीटर जाड झालेले व व्रणयुक्त असते आणि जांघेतील ग्रंथीही वाढलेल्या असतात. अशा रोग्यांत ०·७६ किंवा ०·८ मिमी. या सीमेचा प्रश्नच उद्‌भवत नाही. तरीही जाडीची नोंद आवश्यक असते, कारण पुढील उपचार तिच्यावर आणि ग्रंथींच्या स्थितीवर ठरतात. नखाखालील मेलॅनोमात आणि ओठ, तोंड यांच्या श्लेष्मल पटलावरील मेलॅनोमात कणमय स्तर नीट आढळत नाही. म्हणून तेथे ब्रेस्लो यांचा आरंभबिंदू जसाच्या तसा वापरता येत नाही आणि उपकलेच्या पृष्ठभागापासून माप घेऊन तसे अहवालात नमूद करतात.